सोनेरी झाकणाचा मानकरी

४ मार्च, बुधवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, टीव्हीवर ओरडू नका, राग आला की लिहून काढा, रक्तदाब उतरेल. म्हणून ही वही आणली. लिहायला बसलो आणि सगळ्यात आधी डोक्यात काय आलं, तर आपला संघ. म्हणजे रक्तदाबाचं काही खरं नाही.

टोलिडो ग्लासमेन, आमच्या गावचा अमेरिकन फुटबॉलचा संघ, चेंडू हातात घेऊन पळायचा तो खेळ. अख्ख्या मोसमात दोन सामने जिंकले, त्यातला एक समोरच्यांच्या मूर्खपणामुळे. सगळ्या देशात तळाला. जो तळाला, तो एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये कॉलेजच्या पोरांतून सगळ्यांच्या आधी पोरगा उचलणार, असा नियम आहे. तर यंदा पहिली निवड आपली. दुकानातली मुलगी मला म्हणते, "बर्नी, आनंद झाला असेल ना?" कसला डोंबलाचा आनंद. आमच्या मालकाला भरल्या बाजारात पहिला सोडला तरी तो नेमका सडका टोमॅटो घेऊन येणार. चाळीस वर्षं बघतोय.

गॅरेज आवरायला काढलं आहे. ड्राफ्टची संध्याकाळ दरवर्षी माझ्याच गॅरेजमध्ये होते. टीव्हीवर पहिलं नाव जाहीर व्हायच्या आधी आम्ही आपल्या आजवरच्या फसलेल्या निवडींची हजेरी घेतो. मी नाव पुकारतो, सगळे मिळून हुर्यो उडवत 'बूऽऽ' करतात आणि लोणच्याच्या बरणीतलं आंबट पाणी घोटभर पितात. मग चिठ्ठ्या पडतात. सगळ्यात वाईट निवड कोण ठरली, त्याचं नाव सोनेरी रंग दिलेल्या कमोडच्या झाकणावर चढतं. माझी बायको डोलोरेस आपल्या लाल नेलपॉलिशने नावं लिहायची. ती गेल्यापासून मी लिहितो आणि ते अक्षर बघवत नाही.

झाकण पुसून ठेवलं. पेटिबोन, पेटिबोन, मध्येच दुसरा कोणी, पुन्हा पेटिबोन. नाव वाचलं तरी तोंड कडू होतं.

६ मार्च, शुक्रवार

ईस्टरआधीच्या उपासाचा शुक्रवार, मांस चालत नाही, म्हणून चर्चच्या तळघरात तळलेले मासे. आमचं टेबल नेहमीचंच: मी, झिगी खाटीक, क्लाइड न्हावी आणि लेव्हर्न. लेव्हर्नबाई सत्तरीच्या आहेत, पण बू करायला लागल्या की गॅरेजचं दार थरथरतं.

मासे यायच्या आधीच विषय निघाला. क्लाइड म्हणाला, "स्टॉडर्डला विसरू नका रे. एवढा बैलासारखा गडी, पहिल्या फेरीत घेतला, आणि दुसऱ्या आठवड्यात पळाला. का, तर घरच्या कुत्र्याची आठवण येते."

"कुत्रं तरी आणायचं होतं इकडे," झिगी म्हणाला. "कुत्र्याने बरा बचाव केला असता."

"आणि तो लाथ मारणारा?" लेव्हर्न म्हणाली. "दुसऱ्या फेरीत किकर घेतात का कोणी? पहिलीच लाथ आपल्याच गड्याच्या ढुंगणावर."

मग शेवटी पेटिबोन निघालाच. एमेट पेटिबोन, लुइझियानाचा, चेंडू फेकणारा. पंचवीस वर्षांपूर्वी साऱ्या देशातली दुसरी निवड. शेवटचा सामना, जिंकलो असतो तर पुढच्या फेरीत गेलो असतो. घड्याळात काही क्षण उरलेले, चेंडू याच्या हातात, समोर मैदान मोकळं, गुणाची रेषा एका पावलावर, आजूबाजूला चिटपाखरू नाही. आणि हा माणूस पालथा पडला. चेंडू निसटला आणि गडगडत बाहेर गेला. मी तिथे होतो. डोलोरेस होती, आमची शाळकरी लेक रेनाटा होती. साठ हजार माणसं एका घशाने बू करत होती आणि रेनाटा मला विचारते, "बाबा, त्याला लागलं असेल का?" मी म्हणालो, लागू दे.

मासे थंडगार होते. आमच्या गावात सगळंच असं.

१४ मार्च, शनिवार

खड्ड्यात टायर फाटला. 'लेक टायर' नावाच्या दुकानात गेलो. या शहरात सरळ काम करणारी ती एकच जागा उरली आहे. जास्तीचं काही गळ्यात मारत नाहीत, बोल्ट हाताने तपासतात. मालक कधी समोर येत नाही, मागे काम करत असतो. मी त्या पोरांना म्हटलं, तुमच्या मालकाला सांगा, ग्लासमेनचा कारभार तुम्हीच बघा. पोरं एकमेकांकडे बघून हसायला लागली. आजकालच्या पोरांना कशाचंही हसू येतं.

२० मार्च, शुक्रवार

लिहितो, नाहीतर काहीतरी फोडीन.

रेनाटा आली होती. रुग्णालयातून थेट, अंगावर तेच निळे कपडे. लोकांचे गुडघे बरे करते माझी पोर, दिवसभर उभी असते. मी सूप गरम केलं. ती म्हणाली, "बाबा, ईस्टरला एकाला जेवायला आणणार आहे."

मला बरं वाटलं. टॉडशी फारकत झाल्यापासून ती एकटीच आहे. मी म्हटलं, आण की, नाव काय त्याचं?

"एमेट."

"चांगलं जुनं नाव आहे. आडनाव?"

तिने चमचा खाली ठेवला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"दोन वर्षं झाली, बाबा. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा भेटला. तुला सांगायची हिंमत होत नव्हती."

"तो अजून याच गावात आहे?"

"लेक टायर त्याचंच आहे. नाव लावलं असतं तर कोण फिरकलं असतं तिकडे?"

म्हणजे माझ्या गाडीचे चारही टायर पेटिबोनचे. इतकी वर्षं मी त्याच्यावर बसून चर्चला जातोय.

मी बोललो ते बोललो. म्हटलं, साऱ्या टोलिडोत पुरुष मेले होते का? ती शांतपणे म्हणाली, "टॉड तुझी पहिली निवड होती, बाबा. तूच त्याला घरी आणलंस. सामन्याची तिकिटं देत होता म्हणून." आणि निघून गेली. सूप तसंच राहिलं.

टॉडचा इथे काय संबंध? टॉडने कुठे मोक्याच्या सामन्यात चेंडू टाकला होता? काहीतरीच बोलते.

२८ मार्च, शनिवार

आठवडाभर फोन नाही. आज मीच केला. तिने सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं.

"जूनमध्ये लग्न आहे. माझा हात धरून तू मला चर्चमध्ये नेणार की मी एकटी चालत जाणार, ते तुझं तू ठरव. पण ज्या घरात त्याच्या नावाने थुंकतात, त्या घरात तो नसताना मी बसणार नाही. ईस्टरला आम्ही दोघं येऊ. ड्राफ्टलाही दोघं येऊ."

"ड्राफ्टला? अगं, हजेरी असते."

"माहीत आहे त्याला. त्यालाच यायचंय. तो आत आला तर मी आत, बाबा. तू दार लावलंस तर पुन्हा ठोठावायला मी येणार नाही."

आईसारखी बोलते. आवाज चढवत नाही, म्हणून जास्त लागतं. या घरात आता मी आणि फ्रीज, दोघेच गुरगुरत असतो. ती आली नाही तर कोण येणार आहे? झिगी सॉसेज द्यायला येतो, तोही दारातूनच जातो.

ये म्हणालो. माझीच मला किळस आली.

५ एप्रिल, ईस्टर

आला. उंच, टक्कल पडलेला, डावा पाय ओढत चालतो. हातात अक्रोडासारख्या कसल्यातरी दाण्यांचा गोड केक. "नमस्कार, सर." प्रत्येक वाक्याला सर. मी पण 'तुम्ही'च्या खाली उतरलो नाही. बसा, घ्या, वाढू का. अनोळखी माणसाशी बोलतात तसं. मनातून चरफडत होतो.

जेवताना फुटबॉलचा एक शब्द नाही. त्याने माझ्या सॉसेजचं कौतुक केलं, ते झिगीचं होतं. रेनाटा माझ्याकडे बघत होती, मी बटाट्यांकडे बघत होतो.

मग रेनाटा म्हणाली, "एमेट, ते लोण्याचं कोकरू इकडे दे ना." आमच्यात ईस्टरला लोण्याचं कोकरू करतात, लवंगांचे डोळे लावून. डोलोरेस करायची, आता विकतचं आणतो. त्याने दोन्ही हातांनी बशी उचलली, अगदी जपून, तान्हं बाळ उचलावं तशी. आणि टेबलाच्या बरोबर मध्यावर ती सुटली. कोकरू उडालं आणि उलटं होऊन माझ्या मांडीवर पडलं.

मी माझ्या एकुलत्या एक चांगल्या पँटकडे बघितलं. मग त्याच्याकडे. तो पांढराफटक पडला होता. म्हणाला, "सर, मी अजून सुधारलो नाही."

मला हसू आलं. आवरेना. पोट धरून हसलो, खोकला आला, रेनाटाने पाठ चोळली. लेव्हर्नने हे बघायला हवं होतं. पंचवीस वर्षं झाली तरी याच्या हातातून सुटतंच.

पँट धुवायला टाकली आहे. डाग निघणार नाही.

१८ एप्रिल, शनिवार

मंडळींना सांगावंच लागलं. झिगीच्या दुकानात तिघांना गोळा केलं आणि सांगून टाकलं: पेटिबोन येणार आहे, आणि तो माझा जावई होणार आहे. मला वाटलं होतं की लेव्हर्न सुरी उचलेल. तिने त्या माणसाला वर्षानुवर्षं लुइझियानाच्या पत्त्यावर शिव्यांची ईस्टर कार्डं पाठवली आहेत.

लेव्हर्न म्हणाली, "बर्न्या, तो अजून देखणा आहे का रे?"

क्लाइडने विचारलं, टोपीवर सही देईल का. झिगी म्हणाला, स्पेशल सॉसेज आणतो. शी. यांच्याबरोबर मी थंडीत, पावसात, बर्फात बसून बू केलं. आणि माणूस समोर येणार म्हटल्यावर सगळ्यांचं लोणी झालं. पेटिबोनपेक्षा मला यांचीच जास्त शिसारी आली.

२४ एप्रिल, शुक्रवार

कालचं सगळं नीट लिहितो. आज डोकं ठिकाणावर आहे.

सातला जमले. लेव्हर्नने ओठ रंगवले होते. क्लाइडने टाय लावला होता, गॅरेजमध्ये. पेटिबोन रेनाटाबरोबर आला, तेव्हा तिघेही उठून उभे राहिले. बिशप आल्यावर उठतात तसे. त्याला चांगली खुर्ची दिली, माझी. मी तेलाच्या डब्यावर बसलो.

हजेरी सुरू झाली. स्टॉडर्ड, बूऽऽ. तो किकर, बूऽऽ. वाऱ्यासारखा पळणारा एक होता, फक्त चेंडू मागेच ठेवून पळायचा, बूऽऽ. सगळे बू करायचे आणि तिरक्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघायचे. तो रीतीप्रमाणे आंबट पाणी पीत होता, तोंड वाकडं न करता. रेनाटा माझ्या समोर बसली होती, पर्स मांडीवर, कोट अंगातच.

मी पुकारलं, "एमेट पेटिबोन."

कोणी बू केलं नाही. क्लाइड खोकला. लेव्हर्न बरणीत बघायला लागली. मग म्हणते कशी, "तसा तो काळच वाईट होता."

"मैदान ओलं होतं," झिगी म्हणाला.

"मैदान कोरडं होतं, सर," पेटिबोन म्हणाला.

"मग बूट नवे असतील," क्लाइड म्हणाला.

"जुनेच होते."

लेव्हर्नला राहवेना. "मग बाबा, पडलास कसा?"

तो म्हणाला, "मी वर बघितलं. तुम्ही सगळे उभे राहिला होतात. सगळंच्या सगळं स्टेडियम. मला वाटलं, पोचलोच. एक हात वर केला, आणि पाय कुठे पडतोय ते बघितलंच नाही."

मग झिगीने खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाला, "होतं असं. कोणाचंही होतं." लेव्हर्नने त्याच्या हातावर हात ठेवला. पेटिबोनने मान खाली घातली. आमच्या बू करण्याने जे झालं नसतं, ते त्या हाताने झालं. माणूस एवढासा झाला खुर्चीत.

चिठ्ठ्या पडल्या, जुन्या हेल्मेटमध्ये. मी मोजतो, मीच नाव सांगतो, आणि चिठ्ठ्या शेगडीत टाकतो. दुसरं कोणी बघत नाही, तशी पद्धतच आहे. उघडल्या. स्टॉडर्ड. स्टॉडर्ड. स्टॉडर्ड. ते कुत्र्याचं निमित्त सगळ्यांना सोयीचं पडलं. रेनाटाचीही तीच. माझ्याही चिठ्ठीवर तेच होतं. लिहिताना तिने माझ्याकडे बघितलं आणि माझ्या हाताने आपोआप लिहिलं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा दुसरं नाव लिहिलं, आणि लाज वाटली.

एकच चिठ्ठी वेगळी निघाली. सरळ, ठळक अक्षरं, आमच्यापैकी कोणाचीच नाहीत. पेटिबोन.

मी मान वर केली. तो ताठ बसला होता, हात गुडघ्यांवर, निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखा. आणि माझं डोकंच फिरलं. हे काय चाललंय? याचा किताब आम्ही दयेने काढून घेणार? पाहुण्याला गोड गोड बोलून वाटेला लावतात तसं? स्टॉडर्ड दोन आठवडे होता. हा माणूस साठ हजार लोकांसमोर पालथा पडला आणि त्याच गावात राहिला, आमचे टायर बदलत. स्टॉडर्डची काय लायकी आहे?

चिठ्ठ्या शेगडीत टाकल्या. उभा राहिलो आणि म्हणालो, "पेटिबोन. सगळी मतं. एकमताने."

तिघांची तोंडं उघडी पडली. प्रत्येकाला वाटलं असणार, आपण तर नाही लिहिलं, बाकीच्यांनी दगा दिला. रेनाटा अर्धवट उठली. मी तिच्याकडे बघितलंच नाही. त्याच्याकडे बघितलं आणि म्हणालो, "ऊठ रे. काय बसलायस? तुझं आहे ते, येऊन घे."

तो उठला. पाय ओढत आला. मी झाकण त्याच्या हातात दिलं, नीट पकड म्हटलं. आणि मी बू केलं. एकट्यानेच. घसा बसला होता, तरी केलं.

मग लेव्हर्नने रंगवलेलं तोंड उघडलं, आणि काय सांगू, दार थरथरलं. झिगी, क्लाइड, सगळे. पंचवीस वर्षांचा बू. त्या गड्याने झाकण दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि तो हसत होता. विचित्र माणूस आहे. रेनाटाने पर्स खाली ठेवली, कोट काढला आणि दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. आईची शिट्टी.

झाकणावर या वर्षीचं नाव तिनेच लिहिलं, तिच्या नेलपॉलिशने. रंग लाल नव्हता, कसलातरी जांभळट होता. चालेल.

गोंधळात आम्ही आपली पहिली निवड ऐकलीच नाही. नंतर कळलं, नेब्रास्काचा कोणी पोरगा आहे. त्याचा फोटो बघून पेटिबोन म्हणाला, "याच्या नजरेत गडबड आहे, सर. माझ्या झाकणाला धोका आहे." मी म्हटलं, पोराचे हात पण लहान आहेत. यावर आमचं एकमत झालं. तेवढ्यापुरतंच. माणूस म्हणून तो मला अजून आवडलेला नाही. मी फक्त निकाल चोख दिला.

२ मे, शनिवार

रेनाटाचा फोन. झाकण त्याने बैठकीच्या खोलीत लावलंय, सोफ्याच्या वर. लोकांना बोलावून दाखवतो. मी म्हटलं, डोलोरेसचं अक्षर आहे त्यावर, उन्हात ठेवू नका. ती म्हणाली, तो तेच म्हणाला होता.

टायर तपासून आणले. पैसे घेत नव्हता. मी म्हटलं, घे मुकाट्याने, नाहीतर दुसरीकडे जाईन. घेतले.

१३ जून, शनिवार

नवी पँट घेतली. रेनाटाचा हात धरून तिला चर्चमध्ये नेलं. पुढे वेदीपाशी तो उभा, झिगीच्या उसन्या टायमध्ये. मी तिचा हात त्याच्या हातात दिला आणि पहिल्या बाकावर येऊन बसलो. मागच्या बाकावर आपली मंडळी.

फादरनी अंगठी मागितली. पेटिबोनने ती खिशातून काढली. रेनाटाकडे बघितलं. अगदी तिच्याकडेच बघत राहिला. आणि अंगठी सुटली.

दगडी फरशीवर टणटणत, गडगडत ती थेट माझ्या बुटापाशी येऊन थांबली. फादरांचं तोंड उघडं. रेनाटाने हळूच मान वळवून माझ्याकडे बघितलं.

मी काय करणार? "बूऽऽ" म्हणालो. मागून लेव्हर्न उठली, मग झिगी, क्लाइड, आणि लेक टायरची ती पोरं. फादर आम्हाला गप्प करायला हात हलवत होते, रेनाटा हसून हसून वेदीच्या पायरीवर खाली बसली होती आणि पेटिबोन दोन्ही हात वर करून उभा होता.

अंगठी मीच उचलून दिली. रेनाटाच्या हातात दिली. त्याच्या हातात द्यायची जोखीम कोण घेणार?